तबकडीवरचा नंबर आणि आमची वही

कापडाच्या व्यापाऱ्याचे जुन्या ग्रामोफोन तबकड्यांशी काय देणेघेणे, असा प्रश्न वाचक बांधवांना पडणे साहजिक आहे. आमचा विषय सुताचे भाव, उधारीची वसुली आणि कराच्या कटकटी हाच. परंतु धंदा कोणताही असो, मालाची ओळख हा त्याचा पाया असतो. ही ओळख कागदावर उतरली तर काय हाती लागते आणि न उतरली तर काय हातचे जाते, हे आम्ही एका पुस्तकामुळे शिकलो. ते पुस्तक कापडाचे नव्हते, तबकड्यांचे होते. आमच्या बिरादरीतील अनेकजण जुन्या वस्तूंच्या व्यापारात आहेत, अनेकजण हातच्या हुन्नरावर रोजी कमावतात. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ही हकीकत येथे मांडत आहोत.

फोल्डिंग खात्यातले काका

साल १९९४. आम्ही दादरच्या हिंदमाता मार्केटात वडिलांच्या पेढीवर नुकतेच बसू लागलो होतो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले. मराठी बाजारात शिकलो, इंग्रजी बिलापुरते. पेढीवर लालबागच्या चाळीत राहणारे एक गृहस्थ येत. ते एका गिरणीच्या फोल्डिंग खात्यात कामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यांतील हजारोंना गिरणीने पुन्हा आत घेतले नाही, त्यांत हेही होते. पुढे ते आमच्या वडिलांकडून कटपीस उधारीवर नेऊन परळ-लालबागला विकू लागले. वडील त्यांना 'नाना' म्हणत, ते वडिलांना 'शेठजी' म्हणत आणि आम्ही त्यांना 'काका' म्हणत असू.

काकांना एकच नाद होता, जुन्या तबकड्यांचा. दर शुक्रवारी पहाटे चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जुम्मा बाजार भरतो. तेथे ते हमखास जात. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर माणसे एकमेकांच्या मोहल्ल्यात पाऊल टाकायला कचरत होती. अशा दिवसांतही काका फार काळ घरी बसले नाहीत. बाजार पुन्हा भरू लागला तसे तेही पिशवी घेऊन जाऊ लागले. कोणी हटकले तर म्हणत, "तबकडी तिथेच मिळते, मग दुसरीकडे कुठे जाऊ?" आमच्या वडिलांना या उत्तराचे फार कौतुक होते.

एके दिवशी काका पेढीवर आले ते मांजरपाटात गुंडाळलेले काही बगलेत धरून. उधारी चुकवायला आले असतील असे आम्हाला वाटले. त्यांनी गादीवर बसून कापड सोडले. आत एक नवे कोरे इंग्रजी पुस्तक होते. वडील हसून म्हणाले, "नाना, पैसे आमचे आणि किताब तुमची?" काका ओशाळले, पण पुस्तक मिटले नाही. म्हणाले, "शेठजी, तुमचा एक हप्ता मागे गेला. पण हे बघा तरी."

पुस्तकात होते काय

ते पुस्तक मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन संशोधकाचे होते. ग्रामोफोन कंपनीने १८९९ ते १९०८ या काळात केलेल्या पहिल्यावहिल्या हिंदी ध्वनिमुद्रणांची ती यादी आणि त्यामागचा इतिहास. मुंबईच्याच पॉप्युलर प्रकाशनाने ते १९९४ साली काढले. याच किनिअर यांनी १९८५ साली हिंदुस्थानी आणि कर्नाटकी संगीताच्या तबकड्यांची एक मोठी सूची परदेशात प्रसिद्ध केली होती. १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था उभी राहिली, तिच्या स्थापनेतही त्यांचा हात होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे सुरेश चांदवणकर यांनी या संस्थेचे चिटणीसपद सांभाळले आणि 'द रेकॉर्ड न्यूज' हे तिचे नियतकालिक चालवले. म्हणजे शौकीन विखुरलेले नव्हते, त्यांची मंडळी जमलेली होती. उणीव होती ती आधाराला घेता येईल अशा ग्रंथाची.

पुस्तकात कथा नाही, चित्रांची रेलचेल नाही. पानेच्या पाने नंबर, गाणाऱ्याचे नाव, गाण्याचे बोल, ठिकाण आणि साल. आम्हाला ती एखाद्या मोठ्या पेढीची खतावणीच वाटली. मात्र ही खतावणी वाचता वाचता एक दुनिया उघडत होती. १८९९ साली लंडनमध्ये कॅप्टन भोलानाथ, डॉ. हरनामदास आणि अहमद या तिघांचे आवाज घेतले गेले, तेथून तिची सुरुवात. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग या कंपनीच्या माणसाने कलकत्त्यात मुद्रणे सुरू केली. त्या एका मुक्कामात त्याने पाचशेहून अधिक मुद्रणे केली. गौहर जान यांचा आवाज तबकडीवर पहिल्यांदा उतरला तो त्याच महिन्यात. त्यानंतरच्या फेऱ्यांत मुंबई, दिल्ली, लाहोर अशी शहरे आली.

त्या वेळी आपल्याकडे तबकडी छापण्याचा कारखाना नव्हता. मेणावर घेतलेले मूळ मुद्रण जहाजाने जर्मनीतील हॅनोव्हरला जाई. तेथे छापलेल्या तबकड्या परत हिंदुस्थानात विकायला येत. तेथील कारागिरांना आपली भाषा कशी कळणार? म्हणून गाणे संपताच गाणारा आपले नाव मोठ्याने सांगत असे, असे सांगतात. गौहर जान यांनी इंग्रजीतून सांगितलेले नाव आजही त्या तबकड्यांवर ऐकू येते. १९०८ साली कलकत्त्याला सियालदह येथे कारखाना निघाला आणि माल येथेच छापला जाऊ लागला. किनिअर यांचे पुस्तक नेमके त्या सालापाशी थांबते.

नंबरची भाषा

काकांना हे पुस्तक इतके का भावले, ते आम्हाला त्यांच्या नोकरीमुळे समजले. फोल्डिंग खात्यात प्रत्येक ताग्यावर गिरणीचा शिक्का, सॉर्ट नंबर आणि वार छापत असत. शिक्का पुसला तर तागा तोच, कापड तेच, पण बाजारात त्याची पत गेली. तबकडीचेही तसेच. मध्यभागी कागदी लेबल असते, त्यावर कॅटलॉगचा नंबर असतो. हा नंबर विक्रीसाठी. पुरुषाचा आवाज, बाईचा आवाज, वाद्य यांना त्या काळी वेगवेगळ्या आकड्यांच्या रांगा ठरवून दिल्या होत्या. दुसरा नंबर लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला असतो. तो मूळ मुद्रणाचा. त्याला मॅट्रिक्स नंबर म्हणतात. एकाच गाण्याचे मुद्रण दोनदा घेतले असेल तर ते या कोरीव खुणांवरून कळते. पुष्कळदा त्यात मुद्रण करणाऱ्या माणसाचे अक्षरही असते.

लेबल फाटते, पुसते, बदलते. जुने मुद्रण नव्या लेबलाखाली पुन्हा छापले जाते. कंपनीच्या लेबलावर आधी लेखणी घेतलेल्या देवदूताचे चित्र होते, नंतर भोंग्यापुढे बसलेला कुत्रा आला. म्हणून लेबलाच्या चित्रावरून मालाचे वय ठरवू जाल तर फसाल. कोरलेला नंबर मात्र बदलत नाही. हा नंबर पुस्तकात शोधला की तबकडी कोणाची, कुठली आणि कधीची, याचा उलगडा होतो.

हे केवळ तबकड्यांचेच नाही. परदेशात जुन्या इलेक्ट्रिक गिटारी आणि बेस गिटारी जमवणारे शौकीन आहेत. त्यांच्याकडेही मानेवरचा किंवा मागच्या पत्र्यावरचा सीरियल नंबर पाहून साल ओळखण्याची पुस्तके असतात आणि नवे पुस्तक निघाले की त्यांच्यात आनंदीआनंद होतो. घड्याळवाले, कॅमेरेवाले, मोटारवाले या सर्वांचे तेच. वस्तू जुनी झाली की बनवणारा निघून जातो आणि मागे नंबर तेवढा बोलतो.

चाळीतला रविवार

पुस्तक आल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी काकांनी आम्हाला लालबागला बोलावले. कारण कामाचे होते. काही तबकड्यांच्या लेबलावर गाण्याचे नाव उर्दूत छापलेले होते आणि ते काकांना वाचता येत नव्हते. त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा शौकीन दाटीवाटीने बसले होते. गिरगावचे एक बँकेतील कारकून, दादरचे एक शाळामास्तर, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि चोरबाजारातले एक दुकानदार. हे दुकानदार आमच्याच बिरादरीतले. काकांचा माल बहुधा त्यांच्याकडूनच आलेला होता. पुस्तक मधोमध पाटावर ठेवले होते. एकजण तबकडी उजेडाकडे तिरपी धरून भिंगातून नंबर वाचे, दुसरा पान शोधे, तिसरा वहीत टिपून घेई. उर्दू लेबल आले की ते आमच्याकडे येई आणि आम्ही मोठ्याने वाचून दाखवत असू. नंबर जुळला की काकू आतून विचारीत, "सापडली का हो?" आणि सगळे एकदम "सापडली" म्हणत.

मास्तरांची नाराजी अशी की, एवढ्या मोठ्या ग्रंथात एकाच कंपनीचा आणि तोही दहा वर्षांचाच माल. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. बाजारात एका कंपनीचाच माल कधीच नव्हता. निकोल कंपनीच्या तपकिरी तबकड्या पुठ्ठ्यावर सेल्युलॉइड चढवून बनवलेल्या असत. पॅथेच्या काही तबकड्या आतून बाहेर वाजत आणि त्यांना पोलादी सुई चालत नसे. जर्मनीची ओडियन होती. पुढे १९३५ नंतर मुंबईतच 'यंग इंडिया' छापाच्या स्वदेशी तबकड्या निघाल्या. या सर्वांची नोंद कोण करणार? बँकवाले म्हणाले, "मास्तर, पहिला ताका तरी विणू द्या, मग गाठीचा हिशेब करू." पुढे किनिअर यांनी हे कामही बरेच मार्गी लावले. १९०८ ते १९१० सालांची यादी २००० साली आली, तर हिंदुस्थानातील ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या लेबलांचा ग्रंथ २००३ साली आला. त्याच साली त्यांनी मिरजेत स्थायिक झालेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे चरित्र आणि त्यांच्या तबकड्यांची संपूर्ण यादी असे स्वतंत्र पुस्तकही काढले. मिरजेच्या उस्तादावर इतके बारीक काम एका ऑस्ट्रेलियन माणसाने करावे, याची आम्हाला आजही नवलाई वाटते. थोडी शरमही वाटते.

दुकानदाराची चिंता

त्या बैठकीत खरी चर्चा पैशावर झाली आणि व्यापारी म्हणून आमचे कान तेथे टवकारले. चोरबाजारचे दुकानदार बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "आजवर आम्ही ढीग लावायचो, तुम्ही ढिगातून निवडायचे. आता तुम्ही पुस्तक घेऊन येणार. तुम्हाला माहीत असणार की हिरा कुठला आणि आम्ही तो काचेच्या भावात देणार. हा सौदा बरोबरीचा कसा?"

यावर गिरगावचे बँकवाले म्हणाले, "आमची भीती उलट आहे. पुस्तक तुमच्या हाती पडले की प्रत्येक तबकडी तुम्ही दुर्मिळ म्हणून विकाल. मग आम्ही पगारदारांनी काय करायचे?"

दोघांचीही भीती खरी होती. व्यापारात एका बाजूला माहिती असते आणि दुसऱ्या बाजूला नसते, तेव्हा सौदा होतो पण समाधान होत नाही. काकांनी यावर काढलेला तोडगा साधा होता. यादीतल्या नंबरांची एक प्रत त्यांनी हाताने उतरवून त्या दुकानदाराला द्यायची आणि दुकानदाराने त्या नंबरांची तबकडी आली की ढिगात न टाकता बाजूला ठेवायची. भाव दोघांनी बसून ठरवायचा. तीन आठवडे खपून काकांनी नंबर उतरवले. नावे आम्ही उर्दूत लिहिली, कारण दुकानदारांना तेच सोयीचे होते.

पुढे जे घडले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. साधा माल साधाच राहिला, त्याचा भाव चढला नाही. कारण यादीमुळे तो साधा आहे हेही सिद्ध झाले. जो खरोखर दुर्मिळ होता तो बाजूला निघू लागला आणि त्याला मान मिळाला. मुख्य म्हणजे फुटण्याचे प्रमाण घटले. लाखेची तबकडी ढिगात दाबली की तडकते. बाजूला उभी ठेवली की वाचते. दुकानदारांचा गल्ला त्यामुळे घटला नाही, वाढला. दूरचे गिऱ्हाईकही त्यांच्याकडे येऊ लागले, कारण 'यांच्याकडे नंबर सांगितला की माल मिळतो' अशी त्यांची पत झाली.

याच्या उलट उदाहरणही सांगतो. बीटल्स या इंग्रज मंडळींची गाणी १९६० च्या दशकात आपल्याकडे ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवर छापली गेली. विलायतेत तोवर ही जात जवळपास बंद झाली होती. म्हणून परदेशी शौकीन या हिंदुस्थानी तबकड्यांसाठी मोठी रक्कम मोजतात. आमच्या ओळखीच्या एका विक्रेत्याने अशा तबकड्या इतर मालाबरोबर नगाच्या भावाने देऊन टाकल्या होत्या. त्याला कोणी लुटले नव्हते. त्याला त्याचाच माल माहीत नव्हता.

आमची पेटी

आता आमच्या घरची गोष्ट. आमच्या आजोबांकडे चावीची मशीन होती आणि तबकड्यांची एक पत्र्याची पेटी होती. ते वारल्यावर ती माळ्यावर गेली. १९८९ साली घराला रंग काढायचा होता तेव्हा आम्हीच ती खाली उतरवली आणि दारावर आलेल्या एका भंगारवाल्याला मशीनसकट तीनशे रुपयांत देऊन टाकली. अठ्ठेचाळीस तबकड्या होत्या. मोजल्या एवढ्यासाठी की भाव नगावर ठरवता येईल का ते पाहायचे होते. ठरला नाही, उक्ते दिले.

चाळीतल्या त्या बैठकीत काकांनी एक तबकडी उलटी करून दाखवली. तिच्या एकाच बाजूला गाणे होते. मागची बाजू कोरी आणि त्यावर पंख असलेला देवदूत उमटवलेला होता. आम्ही एकदम म्हणालो, "ही आमच्याकडे होती." लहानपणी त्या पंखांवरून बोट फिरवायचा आमचा खेळ होता. आजी सांगे की त्यावरची बाई गाणे संपल्यावर स्वतःचे नाव सांगते आणि आजोबा ते नाव ऐकायला मुद्दाम शेवटपर्यंत थांबत. खोलीत सगळे शांत झाले. काकांनी विचारले, "नंबर आठवतो?" आम्हाला नंबर आठवत नव्हता. बाईचे नावही आठवत नव्हते. पुस्तक समोर उघडे होते, त्यात ती तबकडी बहुधा होतीच. पण शोधायची कशी? शोधायला निदान एक आकडा लागतो आणि तोच आम्ही लिहून ठेवला नव्हता.

तीनशे रुपयांचे दुःख आम्हाला नाही. आजोबा कोणाचा आवाज ऐकायला थांबत असत, हे आता आमच्या घरात कोणालाच सांगता येणार नाही, याचे दुःख आहे.

काकांची वही

काका २००९ साली वारले. काही महिन्यांनी त्यांचा मुलगा पेढीवर आला. चाळीचा पुनर्विकास व्हायचा होता, भाड्याच्या खोलीत सामान मावत नव्हते. एकजण सगळा संग्रह उक्ता घ्यायला तयार होता आणि मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर होती. आम्ही विचारले, "वही आहे का?" वही होती. एक नव्हे, सात होत्या. प्रत्येक तबकडीचा कॅटलॉग नंबर, कोरलेला नंबर, कुठून घेतली, कितीला घेतली, तडा आहे की नाही, हे सगळे तारखेसह लिहिलेले. मधून मधून आमच्या हातची उर्दूही होती.

आम्ही त्या चोरबाजारच्या दुकानदारांना बोलावले. त्यांनी सातही वह्या दोन दिवस वाचल्या. पुष्कळसा माल त्यांनी रास्त भावात स्वतः घेतला. पण एकोणीस तबकड्यांवर पेन्सिलीने खूण करून ते मुलाला म्हणाले, "बेटा, या मला विकू नकोस. मी जेवढे देईन त्याच्या तिप्पट-चौपट देणारा मिळेल. मी पत्ता देतो." त्यांनी तसे केले नसते तरी कोणाला कळले नसते. मुलाला तर नक्कीच नाही. त्या तबकड्या एका जाणकार संग्राहकाकडे गेल्या, त्यांनी त्या संगणकावर उतरवून घेतल्या आणि एक प्रत मुलालाही दिली. मुलीच्या फीची सोय झाली. एक घर उक्त्यात गेले ते आमचे, दुसरे वहीमुळे वाचले ते काकांचे. माल दोन्हीकडे सारखाच होता.

कापूस तबकडीतही

जाता जाता एक गोष्ट कापडवाल्यांसाठी. या जुन्या तबकड्या प्लास्टिकच्या नव्हेत. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यापासून मिळणारी लाख हा त्यांचा मूळ माल आणि ती बहुतांशी छोटा नागपूरच्या मुलखातून जगभर जाई. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी घालत. शिवाय मजबुतीसाठी कापसाचे बारीक तंतू मिसळत. म्हणजे ज्या कापसावर परळ-लालबाग जगले त्याचेच भाऊबंद गाण्याच्या तबकडीतही होते. हे काकांनी सांगितले तेव्हा वडील म्हणाले होते, "मग नाना, तुम्ही धंदा बदललाच नाही."

लाखेचा हा स्वभाव ज्यांच्या हाती जुना माल येतो त्यांनी ध्यानात ठेवावा. स्पिरिटने तबकडी पुसू नये, लाख स्पिरिटात विरघळते आणि खाचा जातात. मऊ ब्रशने धूळ काढावी, फार तर किंचित ओलसर कापड फिरवावे. आडवे ढीग न लावता उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर. जुन्या मशीनवर पोलादी सुई प्रत्येक बाजूला बदलावी. लाँग प्लेच्या बारीक सुईवर ही तबकडी वाजवू नये, तिची खाच रुंद असते. आणि हातात येताच, पुसण्याआधीच, दोन्ही नंबर टिपून घ्यावेत.

आणखी एक गोष्ट, जी थोडी कडू आहे. नवा पितळी भोंगा, नवी पेटी आणि कुठलेतरी जुने यंत्र जोडून 'असली पुराना' म्हणून ग्रामोफोन विकण्याची चाल पडली आहे. भोंगा ठोकणारे कारागीर आमचेच आहेत आणि त्यांचा हात सुंदर आहे. मग तो नवा आहे हे सांगायला लाज कसली? नवा म्हणून विकला तर कारागिराचे नाव होते, जुना म्हणून विकला तर दुकानाचे नाव जाते. परदेशात या जोडकामाला शौकिनांनी हेटाळणीचे नाव देऊन ठेवले आहे आणि त्याचा फटका खरा माल विकणाऱ्यालाही बसतो.

आमच्या हुन्नराचे पुस्तक कुठे आहे?

काळा घोड्याचे रिदम हाऊस २०१६ साली बंद झाले. भेंडीबाजारात जुन्या इमारती उतरून टॉवर उभे राहत आहेत. परळ-लालबागच्या गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले. एका गिरणीच्या नमुन्यांच्या वह्या, ज्यात प्रत्येक सॉर्टचा चौकोनी तुकडा चिकटवलेला होता, रद्दीच्या काट्यावर चढलेल्या आम्ही स्वतः पाहिल्या आहेत. त्या वेळी आम्ही त्यातल्या दोन मागून घेतल्या. बाकीच्या घ्यायला पिशवी नव्हती, असे आम्ही स्वतःला सांगितले. खरे म्हणजे तेव्हाही आम्हाला किंमत कळली नव्हती.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन नुसत्या बोलण्यावर मिळत नाही. हा हुन्नर येथलाच आहे, अमुक काळापासून चालत आला आहे, याचे कागद दाखवावे लागतात. ज्या कारागिरांकडे आजोबा-पणजोबांची बिले, पत्रे, फोटो शिल्लक असतात, त्यांचे काम सोपे होते. ज्यांच्याकडे नसतात, त्यांना आपलाच हुन्नर आपला आहे हे सिद्ध करताना घाम फुटतो.

म्हणून आमची व्यापारी आणि कारागीर बांधवांना विनंती आहे की, मोठ्या ग्रंथाची वाट पाहू नका. शंभर पानांची एक वही आणा. दुकानात येणाऱ्या जुन्या मालाचा नंबर, खूण, कुठून आला आणि केव्हा आला, एवढे चार रकाने पाडा. कारागीर असाल तर केलेल्या प्रत्येक वस्तूवर, दिसणार नाही अशा जागी का होईना, आपली खूण आणि साल टाका आणि तेच वहीत लिहा. मोबाईल सर्वांच्या खिशात आहे, त्याने फोटो काढून ठेवा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, गुजरातीत लिहा. वाचणारा पुढे कोणी ना कोणी निघतो. काकांच्या खोलीत उर्दू लेबल वाचायला आम्ही निघालोच की.

आमच्या पेढीवर त्या दोन नमुना-वह्या अजून आहेत. गेल्या वर्षी आम्ही त्यांतल्या प्रत्येक तुकड्याशेजारी सॉर्ट नंबर, सुताची जाडी आणि आठवत असेल तर भाव असे लिहायला घेतले. दोनशे बारा तुकडे आहेत, एकशे चाळीस झाले. उरलेल्यांपैकी काहींची ओळख आम्हाला पटत नाही. फोल्डिंग खात्यात काम केलेले कोणी जुने बांधव किंवा त्यांची मुले हे वाचत असतील, तर त्यांनी हिंदमात्याला येऊन जावे. चहा आमच्याकडून.